खंजिरीची रात्र

मूर्तिजापूर तालुक्यातल्या खेड्यांत भजनाला तिकीट नसतं. जेवणं आटोपली की देवळापुढे सतरंजी पडते. हवा दमट असेल तर कोणीतरी खंजिरी विस्तवावर धरतं, कारण ओलाव्यानं सैलावलेलं कातडं ऊब लागली की पुन्हा ताणलं जातं. बोटानं टिचकी मारून नाद पाहायचा, मगच सुरुवात.

या एवढ्याशा वाद्याला मान मिळवून दिला अमरावतीजवळच्या यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८). १९४२च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवासही घडला. जवळपास त्याच काळात तिकडे अमेरिकेत वुडी गथ्री (१९१२–१९६७) गिटार घेऊन, धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची गाणी गात हिंडत होता. एक माणूस, एक वाद्य, समोर कष्टकरी. लोकसंगीताला याहून जास्त सामग्री लागत नाही. लाऊडस्पीकर तर नकोच.

मूर्तिजापूर तालुक्यातल्याच दापुऱ्यात मामाकडे वाढलेल्या गाडगेबाबांची तऱ्हा आणखी निराळी. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. मधेच थांबून थेट श्रोत्यांनाच प्रश्न: कर्ज काढून सण कशाला? पोरगं शाळेत का नाही?