ब्रेकचे नवे सामान घातल्यावर पेडल मऊ का लागते?

चैत्र-वैशाखात देवगड, मालवण व वेंगुर्ले या बाजूचा हापूस कोल्हापूर-बेळगावच्या पेठांस जातो. पुष्कळ बागायतदार आपल्याच मालगाडीतून पेट्या नेतात. जाताना फोंडा, करूळ किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट चढावा लागतो, व परतताना पेंड वा खत भरून तोच उतरावा लागतो. सबब हंगामापूर्वी ब्रेकचे सामान बदलून घेण्याची चाल योग्यच होय. परंतु सामान नवे घालूनही पेडल मऊ लागते, पाय खोल जातो, अशी तक्रार वारंवार कानी येते. 'नवे आहे, चालता चालता बसेल' असे समजून तशीच गाडी घाटात नेणे जिवावर बेतणारे आहे. म्हणून त्याची कारणे व तपासणीचा क्रम येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम रचना ध्यानात घ्यावी. पेडल दाबले म्हणजे मास्टर सिलिंडरातील दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब देतो व तो दाब नळ्यांतून चाकांपर्यंत पोचतो. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व बाजूंस सारखा पसरतो, हा नियम फ्रान्समधील पास्कल या विद्वानाने सतराव्या शतकातच सांगितला होता. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ च्या सुमारास चारही चाकांस असे ब्रेक असलेली मोटार विक्रीस आणली. या रचनेचे सारे बळ एका गोष्टीत आहे: द्रव दाबून आकुंचित होत नाही, हवा मात्र होते. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबावा; तो आत जातो व परत उसळतो. तोच पंप पाण्याने भरला तर दांडा हलत नाही. ब्रेकच्या नळीत हवा शिरली म्हणजे पायाचे बळ ती हवा दाबण्यातच खर्ची पडते. कोणताही सांधा उघडला की हवा शिरते. म्हणूनच हा दोष सामान बदलल्यावर दिसतो.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांस दगड लावावे, इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, व पुढील लक्षणे पाहावी.

पहिले लक्षण: पेडल रबरासारखे दबते व उसळते. ही हवा होय.

दुसरे: एकदा दाबता खोल जाते, पण लागोपाठ दाबता वर येऊन घट्ट होते. मागील ड्रममधील शू सैल राहिले असावे. चाक किंचित घासेपर्यंत ते आवळून मग थोडे ढिले करावे. एवढ्याने दोष न गेल्यास हवा काढावी. पुढील पॅड नवे घातले असल्यास पहिल्या काही दाबांत पेडल तळाशी जाणारच. म्हणून गाडी जागची हलविण्यापूर्वी ते घट्ट होईपर्यंत दाबून घ्यावे.

तिसरे: पाय स्थिर धरला असताही पेडल हळूहळू खाली सरकते. कोठेतरी गळती आहे. प्रत्येक सांधा, वॉशर व चाकाची आतील बाजू पाहावी. बाहेर थेंबही नसेल, तर मास्टर सिलिंडरातील रबर आतल्या आत दाब सोडीत आहे असे समजावे.

येथे एक खुलासा अवश्य आहे. पेडल दाबून धरून इंजिन सुरू करता ते किंचित खाली जाते. हा दोष नव्हे; ब्रेकला साहाय्य करणारा बूस्टर चालू असल्याची ती खूण आहे.

हवा काढण्यास दोन माणसे लागतात. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे. दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडून बंद करावा. निपल बंद झाल्यावरच पाय उचलावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे. बहुधा मास्टर सिलिंडरापासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करतात. तथापि काही गाड्यांचा क्रम निराळा असतो, व एबीएस असलेल्या काही गाड्यांस कारखान्याचे यंत्र जोडावे लागते. सबब गाडीसोबतचे पुस्तक पाहावे. वरील डबी रिकामी होऊ देऊ नये. नाहीतर सर्व श्रम पुन्हा आरंभापासून. जुन्या मास्टर सिलिंडरात पेडल तळापर्यंत दाबू नये, कारण आतील गंजलेल्या भागावर रबराची कड कापली जाते. पेडलखाली फळी ठेवल्यास हे टळते.

इतके करूनही हवा निघेना, तर कॅलिपर तपासावे. उजवे डावीकडे व डावे उजवीकडे बसले असता निपल खालच्या अंगास येते. हवा वर राहणारी. ती खालून कशी निघावी?

शेवटी ऑइलविषयी. ते हवेतील ओल शोषून घेते, आणि आपल्या किनाऱ्यावर ओलीस तोटा नाही. डॉट ३ जातीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत (सेल्सिअस) उकळत नाही. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापून असे ऑइल उकळले की वाफ होते, व घराकडे घट्ट असलेले पेडल उतारावर मऊ पडते. म्हणून फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये, पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच ऑइल घालावे, व इंजिनाचे तेल चुकूनही घालू नये. त्याने रबर फुगते.

हे सर्व करूनही पेडल घट्ट न झाल्यास गाडी रस्त्यावर न काढता जाणत्या मिस्त्रीस घरी बोलवावे. घट्ट झाल्यावरही प्रथम सपाट रस्त्यावर रिकामी गाडी हळू चालवून पाहावी, मगच माल भरावा. आणि उतारावर ब्रेकवर सारी भिस्त न ठेवता, ज्या गिअरात घाट चढला त्याच गिअरात तो उतरावा.