निष्कास नळी, मोटारगाडीची : व्यासाची निवड

अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडरांत इंधन जळून तयार झालेले तप्त वायू बाहेर वाहून नेणाऱ्या नळीस निष्कास नळी म्हणतात. हे विषारी वायू प्रवाशांपासून दूर, गाडीच्या मागील बाजूस सोडणे, ते सायलेन्सरमधून नेऊन त्यांचा आवाज कमी करणे आणि हे करीत असताना एंजिनाच्या शक्तीत कमीत कमी घट होऊ देणे, ही या नळीची तीन कार्ये होत. यांपैकी तिसरे कार्य मुख्यतः नळीच्या व्यासावर अवलंबून असते. लहान एंजिनाच्या गाडीत व्यासातील थोडाफार फरक चालकाच्या लक्षातही येत नाही. परंतु एंजिनाची शक्ती ३००–४०० अश्वशक्तीच्या पुढे गेली म्हणजे अर्ध्या इंचाचा फरकही महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील ‘मसल कार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाड्या हे याचे उत्तम उदाहरण होय.

मसल कार : मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे व्ही-आकारी एंजिन बसवून या गाड्या तयार करण्यात आल्या. १९६४ सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ ही या प्रकारातील आरंभीची प्रसिद्ध गाडी असून तिच्या ३८९ घ. इंच (सु. ६·४ लि.) एंजिनाची शक्ती ३२५ अश्वशक्ती सांगितली जाई. १९७० सालच्या शेव्हरोले शेव्हेल गाडीतील ४५४ घ. इंच (सु. ७·४ लि.) एंजिनाच्या सर्वांत प्रबळ प्रकाराची शक्ती दर मिनिटास ५,६०० फेरे असताना ४५० अश्वशक्ती होती. मात्र हे आकडे ‘स्थूल’ शक्तीचे आहेत. ही शक्ती एंजिन गाडीबाहेर शक्तिमापकावर ठेवून, गाडीतील नेहमीचा सायलेन्सर व इतर साहाय्यक साधने न जोडता मोजीत. १९७२ पासून अमेरिकन उत्पादक ही सर्व साधने जोडून मोजलेली ‘निव्वळ’ शक्ती देऊ लागले. १९७१ सालच्या कॉर्व्हेट गाडीतील ४५४ घ. इंच एंजिनाच्या एका प्रकारास ३६५ स्थूल व २८५ निव्वळ अश्वशक्ती असे दोन्ही आकडे दिलेले होते. या तफावतीचा काही भाग निष्कास मार्गातील अडथळ्यामुळे येतो. जुन्या गाडीसाठी नळी निवडताना कोणता आकडा हाती आहे, हे म्हणूनच प्रथम पाहावे लागते.

प्रतिदाब : निष्कास धावेत दट्ट्या जळालेले वायू बाहेर ढकलतो. नळीतील घर्षण, वळणे व सायलेन्सर यांमुळे या वायूंना जो विरोध होतो त्यास प्रतिदाब म्हणतात. ठराविक प्रवाहासाठी हा दाब नळीच्या आतील व्यासाच्या साधारणपणे चौथ्या ते पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यामुळे व्यास थोडा घटला, तरी प्रतिदाब बराच वाढतो.

वर उल्लेखिलेल्या ४५० अश्वशक्तीच्या एंजिनाचे उदाहरण घेऊन याचा अंदाज करता येतो. पूर्ण शक्तीस हे एंजिन दर सेकंदास सु. ०·३५ किग्रॅ. हवा घेते; तीत इंधन मिळविल्यास बाहेर पडणारे वायू सु. ०·३८ किग्रॅ. होतात. नळीतील सरासरी तापमान ५०० से. मानल्यास त्यांचे घनफळ दर सेकंदास सु. ०·८४ घ. मी. भरते. सिलिंडरांच्या प्रत्येक रांगेस एक याप्रमाणे दोन नळ्या असल्यास निम्मा प्रवाह प्रत्येक नळीतून जातो. अमेरिकेत नळीचे माप बाहेरील व्यासाने देतात. पत्र्याची जाडी सु. १·६५ मिमी. धरल्यास २ इंची, २·५ इंची व ३ इंची नळ्यांचा आतील व्यास अनुक्रमे ४७·५, ६० व ७३ मिमी. येतो आणि त्यांतील वायूंचा वेग दर सेकंदास अनुक्रमे सु. २३५, १४७ व १०० मी. होतो. वळणे व सायलेन्सर यांसह एकूण दाबऱ्हास वायूंच्या गतिज दाबाच्या चौपट मानला, तर प्रतिदाब वातावरणीय दाबाच्या अनुक्रमे सु. ५०, २० व ९ टक्के येतो. आणि दट्ट्यांना वायू ढकलण्यासाठी अनुक्रमे सु. २३, ९ व ४ अश्वशक्ती खर्च करावी लागते. याखेरीज प्रतिदाबामुळे सिलिंडरात जळके वायू शिल्लक राहून ताज्या मिश्रणाची जागा अडते, ते नुकसान वेगळेच.

या आकड्यांवरून मुख्य तत्त्व स्पष्ट होते. २ इंचांवरून २·५ इंचांवर गेल्याने सु. १४ अश्वशक्ती वाचते, तर तेथून ३ इंचांवर गेल्याने केवळ ५ वाचते. व्यास वाढवीत गेल्यास लाभ झपाट्याने कमी होतो. वजन, खर्च व आवाज मात्र वाढत जातात.

स्पंद व संमार्जन : ‘एंजिनास थोडा प्रतिदाब हवाच’ असा एक रूढ समज आहे, तो बरोबर नाही. फार रुंद नळ्या बसविल्यावर कमी फेऱ्यांस एंजिन मंदावल्याचा अनुभव येतो, त्यावरून हा समज निर्माण झालेला दिसतो. परंतु त्याचे कारण प्रतिदाबाचा अभाव नसून वायूंचा मंदावलेला वेग हे आहे. निष्कास झडप उघडताच सिलिंडरातील उच्च दाबाचे वायू स्पंदरूपाने नळीत शिरतात. हा दाबतरंग ध्वनीच्या वेगाने पुढे जाऊन प्रत्येक सिलिंडराच्या प्राथमिक नळ्या जेथे एकत्र येतात त्या संग्राहकाशी पोहोचतो व तेथून न्यून दाबाच्या तरंगाच्या रूपाने परततो. सेवन व निष्कास या दोन्ही झडपा काही काळ एकाच वेळी उघड्या असतात. नेमक्या त्या वेळी हा तरंग पोहोचल्यास उरलेले वायू शोषले जाऊन ताजे मिश्रण आत ओढले जाते. यास संमार्जन म्हणतात. तरंगाची वेळ प्राथमिक नळीच्या लांबीवर, तर त्याची तीव्रता मुख्यतः तिच्या व्यासावर अवलंबून असते. यामुळे प्राथमिक नळी एंजिनाच्या नेहमीच्या फेऱ्यांना अनुरूप व बेताच्या व्यासाची असावी लागते. मोठ्या एंजिनांसाठी ती सामान्यतः १·७५ ते २ इंच व्यासाची असते. संग्राहकापुढील नळीस हे बंधन फारसे नसते. तिचे मुख्य काम कमी विरोधाने वायू वाहून नेणे हे होय. प्राथमिक व मागील नळी यांच्या कार्यांतील हा भेद लक्षात न घेतल्याने व्यासाविषयीचे बरेच वाद उद्भवतात.

जोडनळी : या आठ सिलिंडरी एंजिनांत प्रत्येक रांगेतील स्फोट समान अंतराने होत नाहीत. उदा., शेव्हरोलेच्या १–८–४–३–६–५–७–२ या प्रज्वलनक्रमात डाव्या रांगेतील पाचवा व सातवा आणि उजव्या रांगेतील आठवा व चौथा हे सिलिंडर लागोपाठ पेटतात. परिणामी एका नळीवर काही क्षण अधिक भार पडतो. दोन्ही नळ्या संग्राहकामागे आडव्या नळीने किंवा फुलीच्या आकारात जोडल्यास दाब विभागला जातो व आवाजही सौम्य होतो.

निवड : वरील उदाहरणावरून, दर १०० अश्वशक्तीस सु. १२–१३ चौ. सेंमी. आतील क्षेत्रफळ असा स्थूल नियम मिळतो. त्यानुसार दुहेरी नळ्यांसाठी सु. ३५० अश्वशक्तीपर्यंत २·२५ इंच, तेथून ४५० पर्यंत २·५ इंच आणि त्यापुढे ३ इंच व्यास योग्य ठरतो. दोन २·५ इंची नळ्यांचे काम एकच नळी घालून करावयाचे झाल्यास ती सु. ३·५ इंचांची लागते व गाडीखाली तेवढी जागा क्वचितच असते. व्यास योग्य असूनही दाबयंत्राने वाकविलेली नळी वळणावर चपटी होऊन तेथील क्षेत्रफळ घटते. म्हणून आत गाभा घालून वाकविलेली नळी श्रेयस्कर. सायलेन्सरचे तोंड नळीइतके मोठे असले, तरी त्याचा अंतर्भाग अरुंद असल्यास रुंद नळीचा लाभ वाया जातो.

रुंद नळी जमिनीस किंवा मागील आसास घासण्याचा संभव असतो, तसेच संथ गतीने चालताना गाडीत घुमणारा आवाज वाढतो. रस्त्यावर गाडी बहुतांश वेळ आपल्या शक्तीचा लहानसा अंशच वापरते. तेव्हा केवळ शर्यतीतील कमाल शक्तीवरून व्यास ठरविणे इष्ट नव्हे. सांधे वायुरोधक असणे आणि नळीचे तोंड प्रवासी कक्षाच्या मागे असणे मात्र कोणत्याही व्यासासाठी आवश्यक आहे. कारण मसल कारच्या काळातील गाड्यांत उत्प्रेरक परिवर्तक नव्हते (ते अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून रूढ झाले) व त्यांच्या निष्कासात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे असते. रंगहीन व गंधहीन असा हा वायू बंद गाडीत साठल्यास प्राणघातक ठरतो.