महागडी मोटार : पहिला क्रमांक नेमका कशातला?

कापडाच्या धंद्यात आम्ही तीस वर्षे काढली. गिऱ्हाईक थान उलगडते, हात फिरवते, रंगावर खूष होते आणि माल घेऊन जाते. त्या दिवशी ते समाधानी असते यात शंका नाही. पण कापडाचा रंग पक्का की कच्चा, हे दहा धुलायांनंतरच कळते. समाधान आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे हिशेब आहेत. दुकानात आम्हांला हे पाठ असते; मोटार घेताना मात्र आम्ही ते विसरतो.

मागच्या लग्नसराईत आमच्या बाजारातील एका व्यापारी बांधवांनी मोठ्या हौसेने परदेशी कंपनीची महागडी गाडी घेतली. जाहिरातीत 'मालकांच्या समाधानात पहिला क्रमांक' असे छापले होते. गाडी बसायला उत्तम, चालवायला त्याहून उत्तम. परंतु विजेच्या जोडण्यांत बिघाड होऊन ऐन मोसमात ती तीन आठवडे वर्कशॉपमध्ये उभी राहिली. हप्ता मात्र चालूच होता. जाहिरात खोटी नव्हती, फक्त ती नीट वाचली गेली नाही. म्हणून हे क्रमांक कसे ठरतात ते येथे थोडक्यात मांडत आहोत.

असे क्रमांक लावणाऱ्यांत अमेरिकेतील दोन संस्थांचे नाव मोठे आहे. पहिली जे. डी. पॉवर. ही 1968 साली सुरू झाली. तिच्या पाहण्या निरनिराळ्या असतात. एकीत नव्या गाडीच्या पहिल्या 90 दिवसांतील तक्रारी मोजतात. दुसरीत तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या मूळ मालकांना विचारतात. तिसरीत गाडी मालकाच्या मनाला किती भावली तेवढेच पाहतात. पहिल्या दोन पाहण्यांत दर 100 गाड्यांमागे किती तक्रारी आल्या तो आकडा देतात. आकडा जितका कमी तितकी गाडी चांगली. तीन वर्षांच्या गाड्यांच्या 2025 सालच्या पाहणीत सर्व कंपन्यांची सरासरी 202 होती आणि सर्वांत कमी आकडा लेक्ससचा, म्हणजे 140 होता. याचा अर्थ, उत्तम ठरलेल्या गाडीलाही सरासरी एकाहून अधिक तक्रार होतीच.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. या मोजणीत फोन गाडीच्या पडद्याशी नीट जोडला जात नाही ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्स बसला हीसुद्धा एकच तक्रार. खर्चाचा फरक मात्र जमीन-अस्मानाचा. शिवाय महाग गाडीत यंत्रे, पडदे आणि तारा जास्त, म्हणून बिघडायला जागाही जास्त. 2023 सालच्या पाहणीत महागड्या कंपन्यांच्या गाड्यांना साध्या कंपन्यांपेक्षा अधिक तक्रारी निघाल्या. जास्त दाम म्हणजे जास्त टिकाऊ, हा समज येथे खरा ठरत नाही.

दुसरी संस्था कन्झ्युमर रिपोर्ट्स. ही 1936 पासून आहे. ती जाहिराती घेत नाही आणि तपासणीच्या गाड्या स्वतः पैसे मोजून विकत घेते. समाधान मोजण्यासाठी ती मालकांना विचारते की, हीच गाडी पुन्हा घ्याल काय? 2015 साली टेस्लाच्या मॉडेल एस गाडीबाबत 97 टक्के मालकांनी 'जरूर घेऊ' असे सांगितले. त्याच वर्षी त्याच मालकांनी कळवलेले बिघाड मोजून संस्थेने गाडीचा भरवसा सरासरीपेक्षा कमी ठरवला आणि आपली शिफारस मागे घेतली. एकच गाडी, तेच मालक, आणि निकाल दोन!

समाधानात कंपनीच्या वागणुकीचाही वाटा असतो. लेक्ससने 1989 साली अमेरिकेत विक्री सुरू केली आणि काही महिन्यांतच दोष निघाल्याने सुमारे 8,000 गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. विक्रेत्यांनी मालकांच्या दारातून गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या आणि धुऊन परत पोचवल्या. दोष निघूनही नाव वाढले. खराब थान हुज्जत न घालता बदलून देणाऱ्या पेढीचे गिऱ्हाईक तुटत नाही, तसेच हे झाले.

हे सर्व आकडे मात्र अमेरिकेतील मालकांचे आहेत. तेथील रस्ते, इंधन आणि वर्कशॉप वेगळे. मर्सिडीजच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला जोडल्या जातात, पण म्हणून प्रत्येक स्पेअर पार्ट आपल्या तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही.

तेव्हा व्यापारी बांधवांनी बयाणा देण्यापूर्वी एवढे विचारावे : क्रमांक समाधानाचा की भरवशाचा? मालकांना किती महिन्यांनी विचारले? तक्रारी पडद्याच्या की इंजिनाच्या? वॉरंटी किती वर्षांची, आणि ती संपल्यावर दुरुस्तीचा खर्च किती? जवळचे वर्कशॉप किती मैलांवर? तीन वर्षे तीच गाडी वापरणारा मालक शोधून त्याच्याशी दोन शब्द बोलावे. त्याला 'गाडी आवडली का' असे विचारू नये. 'किती दिवस उभी राहिली' असे विचारावे. शौक करण्यात गैर काही नाही, पण धंद्याचे भांडवल वर्कशॉपच्या दारात अडकता कामा नये.