स्नायूंचें हाड करणारा रोग



आज ज्या रोगाविषयीं बोलावयाचें आहे, त्याचें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं कधीं ऐकलें नसेल. दहा ते वीस लाखांत एखाद्यासच तो होतो, असा जाणत्यांचा अंदाज आहे. मग इतक्या विरळ व्याधीसाठीं सर्वांचा वेळ कां घ्यावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, या रोगाची खूण जन्मलेल्या मुलाच्या पायावरच असते. ती पाहण्यास दमडीचा खर्च नाहीं. पण ती न पाहिल्यामुळें होणारी हानि पुढें कोणत्याहि उपायानें भरून येत नाहीं. शिवाय २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींहून अधिक भरली. वीस लाखांत एक हें प्रमाण धरलें तरी अशीं पन्नासांवर माणसें आपल्यामध्यें असावींत.

वैद्यकांत या रोगास 'फायब्रोडिस्प्लेझिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा' असें लांबलचक नांव आहे. आपण आद्याक्षरें घेऊन त्यास एफ. ओ. पी. म्हणूं. स्नायु, कंडरा आणि सांधे बांधून ठेवणारे बंध यांचें क्रमाक्रमानें हाड होत जाणें, हें त्याचें स्वरूप. मूल जन्मास येतें तेव्हां सुदृढ दिसतें. मात्र त्याच्या दोन्ही पायांचे अंगठे बहुधा आंखूड असून शेजारच्या बोटाकडे वळलेले असतात. पुढें, बहुतकरून वयाच्या पहिल्या दहा वर्षांत, एके दिवशीं मानेवर किंवा पाठीवर दुखरी सूज येते. ती यथाकाल ओसरते. पण पुष्कळदां जेथें मऊ स्नायु होता तेथें हाडाची पट्टी मागें राहते. मान, पाठ व खांदे आधीं जखडतात. कंबर व गुडघे मागाहून. मूल पडलें, त्यास धक्का बसला, स्नायूंत सुई टोंचली, किंवा नुसता इन्फ्लुएंझा झाला, तरी नवी सूज उठते. कधीं कधीं कांहीं कारण नसतांहि उठते.

जीभ, डोळे, हृदय आणि श्वासपटल यांचे स्नायु या आपत्तींतून सुटतात. बुद्धीसहि कांहीं होत नाहीं. आपण हळूहळू आपल्याच देहांत कोंडले जात आहों, हें रोग्यास पुरतें कळत असतें. तिशीच्या आंत बहुतेकांना चाकांची खुर्ची लागते, आणि पुढें छातीचा पिंजरा आंवळला गेल्यामुळें श्वास अपुरा पडूं लागतो.

अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील म्यूटर संग्रहालयांत हॅरी ईस्टलॅक या गृहस्थांचा सांगाडा ठेविलेला आहे. १९७३ सालीं, चाळिसावें वर्ष पुरें होण्यास थोडे दिवस असतां, ते वारले. आपला देह शास्त्राच्या कामीं यावा, ही त्यांचीच इच्छा होती. एरवीं सांगाडा उभा करावयाचा तर हाडें तारांनीं जोडावीं लागतात. ईस्टलॅक यांचा सांगाडा मात्र बहुतांशीं स्वतःच्याच सांधणीवर उभा आहे. कारण रोगानें त्यावर दुसरा सांगाडा चढविला होता.

येथें एक शंका येईल. जास्तीचें हाड कापून कां काढूं नये? शरीर मोडलेलें हाड सांधतें, हा त्याचा गुण आपण जाणतों. एफ. ओ. पी.मध्यें हाच गुण अनाठायीं जागा होतो. शस्त्राची जखम हीहि इजाच. म्हणून हाड कापलें कीं त्याच जागीं तें पुन्हा, आणि अधिक, तयार होतें. पाठीवरची सूज पाहून वैद्यास कर्करोगाचा संशय येतो, तपासणीसाठीं गांठीचा तुकडा काढला जातो, आणि त्या जखमेनेंच हात किंवा मान कायमची जखडते. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत १३८ रोग्यांची माहिती घेतली होती. त्यांत शेंकडा ८७ जणांचें निदान प्रथम चुकलें होतें. शेंकडा ६७ जणांवर अनावश्यक चिरफाड किंवा तशीच अन्य क्रिया झाली होती. आणि अशा उपायांमुळें आपली हालचाल कायमची कमी झाली, असें शेंकडा ४९ जणांनीं सांगितलें. हे आंकडे वैद्यांस दोष देण्यासाठीं मी सांगत नाहीं. जो रोग सबंध आयुष्यांत एकदांहि दृष्टीस पडत नाहीं, तो ओळखावा कसा? अडचण होती ती हीच.

लंडनचे शस्त्रवैद्य जॉन फ्रीक यांनीं पाठीवर हाडाच्या गांठी आलेल्या एका मुलाची हकीकत रॉयल सोसायटीस कळविली. ती १७४० सालीं छापली गेली. त्यानंतर अडीचशें वर्षें लोटलीं तरी रोगाचें कारण कळेना. रोगी जगभर विखुरलेले. प्रत्येकास वाटे, असें दुःख भोगणारा मीच एकटा. ही कोंडी एका रुग्ण स्त्रीनें फोडली. जेनी पीपर यांस चौथ्या वर्षींच हा रोग असल्याचें कळलें होतें. मायकेल झॅस्लॉफ या संशोधकाकडून त्यांनीं अठरा रोग्यांचीं नांवें मिळविलीं आणि प्रत्येकास पत्र घातलें. अकरा जणांचीं उत्तरें आलीं. त्या अकरांच्या बळावर १९८८ सालीं 'इंटरनॅशनल एफ. ओ. पी. असोसिएशन' स्थापन झाली. संस्थेनें वार्तापत्र काढलें, रोग्यांस एकत्र आणलें, आणि कुटुंबांनीं वर्गण्या जमवून संशोधनास पैसा पुरविला.

या एकजुटीचें फळ एप्रिल २००६ मध्यें दिसलें. हा रोग बहुधा घराण्यांत पूर्वीं नसतां नव्यानेंच उद्भवतो. पण रोगी माणसास मूल झालें तर त्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. ज्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या उतरला, अशीं मोजकीं कुटुंबें शोधून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील आयलीन शोर, फ्रेडरिक कॅप्लन व त्यांचे सहकारी यांनीं दोषी जनुक हुडकून काढलें. त्याचें नांव 'एसीव्हीआर-१'. शुद्धलेखनांत एक वेलांटी बदलली कीं 'दिन'चा 'दीन' होतो, हें मी वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. येथें तसेंच आहे. जनुकाच्या लांबलचक मजकुरांत एकच अक्षर बदललेलें असतें, आणि बहुतेक सर्व रोग्यांत तें तेंच असतें. हाड बनविण्याचा हुकूम ऐकणारें द्वार त्यामुळें बिघडतें. २०१५ सालीं असें दिसून आलें कीं, 'अ‍ॅक्टिव्हिन-ए' हें शरीरांतील एक प्रथिन या द्वाराशीं आलें असतां एरवीं हाड बनविण्याचा हुकूम मिळत नाहीं; बिघडलेलें द्वार मात्र त्यालाच हुकूम समजतें.

कारण कळलें म्हणून उपायाची दिशा मिळाली. पॅलोव्हॅरोटीन या औषधास कॅनडानें २०२२ मध्यें व अमेरिकेनें २०२३ मध्यें संमति दिली. युरोपीय संघानें मात्र २०२३ मध्येंच ती नाकारली. हें औषध नव्या हाडाची वाढ कमी करतें. झालेलें हाड विरघळवीत नाहीं. वाढत्या मुलांच्या हाडांचीं टोंकें तें अकालीं मिटवूं शकतें, म्हणून अमेरिकेंत आठ वर्षांखालील मुलींस व दहा वर्षांखालील मुलांस तें देण्याची संमति नाहीं. दुसरें औषध गॅरेटोस्मॅब. तें अ‍ॅक्टिव्हिनलाच धरून निष्प्रभ करतें. प्रयोगांतील कांहीं रोगी दगावल्यामुळें २०२० मध्यें तें देणें थांबविलें होतें. पुढें नव्यानें प्रयोग झाला, व नवें हाड बनण्याचें प्रमाण पुष्कळ घटल्याचें २०२५ मध्यें जाहीर झालें. आशा आहे, पण रोग समूळ बरा करणारें औषध अजून हातीं आलेलें नाहीं.

तोंवर आपल्या हातीं काय आहे? घरांत मूल जन्मलें कीं त्याच्या पायांचे अंगठे पाहावे. दोन्ही आंखूड व वळलेले असतील तर भिऊन जाऊं नये, कारण वांकडा अंगठा दुसऱ्या कारणांनींहि असतो. पण बालरोगतज्ज्ञास तो दाखवावा व या रोगाचें नांव स्पष्ट उच्चारावें. रक्त तपासून जनुकाचा दोष निश्चित करतां येतो. ज्या मुलाचे अंगठे असे आहेत त्याच्या अंगावर सूज उठली, तर ही तपासणी होईपर्यंत गांठीस शस्त्र लावूं देऊं नये. निदान झालेल्या मुलास स्नायूंत टोंचावयाच्या सुया टाळाव्या. लस मुळींच देऊं नये असें नव्हे, कोणती लस कातडीखालीं देतां येईल व केव्हां द्यावी, हें डॉक्टरांस विचारावें. दांतांच्या वैद्याकडे जातांना आधीं रोग सांगावा. जबड्यांत दिलेल्या सुईनें किंवा तोंड फार ताणल्यानें तो कायमचा मिटूं शकतो.

अठरा पत्रें टपालांत पडलीं तेव्हां या रोगाचें कारण जगांत कोणासहि ठाऊक नव्हतें. आज तें ठाऊक आहे, आणि खूणहि ठाऊक आहे. आपल्या ओळखीची सुईण, परिचारिका, बालवाडीची बाई किंवा गांवचे डॉक्टर यांच्या कानावर ती घालावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.