"कुणी आहे, पण मुलगा नाही"

लग्नाच्या तगाद्याने झोप उडाल्याची पत्रे आरोग्याच्या या पानाला नवी नाहीत. मात्र एका भगिनीचे पत्र आम्हाला दोनदा वाचावे लागले. "जयभीम. स्थळे येतात, मी नको म्हणते. आईने विचारले, कुणी आहे का? मी म्हटले, आहे, पण मुलगा नाही. आई हसली, 'मुलगा नाही तर काय म्हातारा आहे?' आता पुन्हा कसे सांगू?"

स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, म्हणजे लेस्बियन, एकदम सगळे सांगत नाही. आधी खडा टाकून बघते. घरात 'बधाई दो' हा 2022 चा सिनेमा लावते आणि पडद्याऐवजी वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत बसते. जेवताना एकाच मैत्रिणीचे नाव काढते. पर्सला इंद्रधनुषी पट्टी लावते, अंगठ्यात अंगठी घालते. पण या शेवटच्या खुणा ज्यांना ठाऊक आहेत त्यांनाच कळतात. आईला ती नुसती फॅशन वाटते. घरात खूण नको, विषय काढावा. "6 सप्टेंबर 2018 ला कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हटले, तुला काय वाटते?" असे विचारले की उत्तरातून घराची हवा कळते.

हवा वाईट दिसली तर तिथेच थांबावे. थांबणे म्हणजे खोटेपणा नव्हे. कमाई हातात नसेल, चार दिवस राहायला दुसरी जागा नसेल, तर घाई मुळीच नको. आधी ज्याच्या पोटात गोष्ट राहते असे एक माणूस शोधावे. मावशी, वहिनी, कुणीही. अर्धवट कळलेली गोष्ट वस्तीत फार लवकर फिरते.

वर्षानुवर्षे लपवण्याने झोप जाते, भूक मरते, छातीत धडधडते. त्यावर उपचार आहेत. समलिंगी असण्यावर नाहीत, कारण तो आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच ते आजारांच्या यादीतून काढले. "बदलून देतो" म्हणणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. बोलायला कुणीच नसेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो.

असले विषय या पानावर कशाला, असे कुणी म्हणेल. 1934 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला. त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्वे यांचे वकील होते बाबासाहेब. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आमचे सांगणे एवढेच, की आईचे हसणे हा नकार समजू नका. तिला कदाचित कळलेच नसेल. एखाद्या निवांत दुपारी, दोघीच असताना, त्या मैत्रिणीचे नाव सांगून बघा. आणि हे पान एखादी आई वाचत असेल, तर "कोण गं ती? आण एकदा जेवायला," असे विचारायला काय हरकत आहे?