कवितेचा वर्ग आणि खासगी आयुष्य

कविता लिहायला विद्यापीठात शिकवण्याची आज जगभर दिसणारी पद्धत मुख्यतः अमेरिकेत घडली. आयोवा विद्यापीठाने १९२२मध्ये पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाऐवजी सर्जनशील लेखन स्वीकारण्याचा निर्णय घेतला आणि १९३६मध्ये तिथे लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली. याच विद्यापीठात १९६७पासून चाललेल्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमात सत्तरच्या दशकात मराठी कवी दिलीप चित्रे सहभागी झाले होते.

वर्गाची रीत साधी असते. विद्यार्थी आपली नवी कविता आधी सगळ्यांच्या हाती देतो; पूर्वी त्यासाठी चक्रमुद्रित प्रती काढत. कविता मोठ्याने वाचली जाते, मग इतर जण बोलतात आणि कवी बहुधा गप्प राहून ऐकतो. हा नियम निष्ठुर वाटेल, पण त्यात शहाणपण आहे. छापलेली कविता वाचकाकडे एकटीच जाते, तिचा अर्थ सांगायला कवी सोबत नसतो. त्याची सवय वर्गातच लागलेली बरी.

कवितेत स्वतःचे दुखणे असेल तेव्हा हा वर्ग अवघड होतो. डब्ल्यू. डी. स्नॉडग्रास आयोवात शिकत असताना घटस्फोटामुळे दुरावलेल्या मुलीविषयी कविता लिहीत होता. त्याचे शिक्षक, कवी रॉबर्ट लोवेल यांना त्या आरंभी फार भावविवश वाटल्या. पुढे त्यांचे मत पालटले. त्या कवितांचा ‘हार्ट्स नीडल’ हा संग्रह १९५९मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. स्वतःच्या घराण्याविषयी आणि मानसिक आजाराविषयी उघडपणे बोलणारा लोवेल यांचा ‘लाइफ स्टडीज’ही १९५९चाच. शिष्याने धरलेल्या वाटेवर गुरूही चालले, असे म्हणायला जागा आहे. एम. एल. रोझेंथल या समीक्षकाने त्याच वर्षी या लेखनाला कबुलीजबाबाची कविता म्हटले. ते नाव टिकले, तरी त्याने थोडा अन्यायही केला, कारण स्नॉडग्रासच्या त्या कवितांमधली कडवी आणि यमके अत्यंत काटेकोर आहेत.

ॲन सेक्सटन या कवयित्रीची हकिगत याहून बोलकी आहे. तिच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. दोन लहान मुलींची ही आई गंभीर नैराश्यातून जात होती आणि मनोविकारतज्ज्ञाच्या प्रोत्साहनाने लिहू लागली होती. १९५७मध्ये शेजारणीला सोबत घेऊन ती बॉस्टनमधल्या प्रौढ शिक्षण केंद्रातल्या जॉन होम्स यांच्या काव्यवर्गात दाखल झाली. तिथे तिला मॅक्सिन क्यूमिन भेटली. दोघींच्या कवितांची जातकुळी वेगळी, पण मैत्री आयुष्यभराची झाली. त्यांनी घरी खास दुसरी दूरध्वनी जोडणी घेतली. घरकाम चालू असताना ती तासन्‌तास जोडलेली राहत असे आणि एकीने नुकतीच लिहिलेली ओळ दुसरी लगेच ऐकत असे. पुढे दोघींनाही पुलित्झर मिळाले: सेक्सटनला १९६७मध्ये, क्यूमिनला १९७३मध्ये.

होम्स यांना मात्र सेक्सटनच्या मनोरुग्णालयातल्या कविता खटकल्या. त्या प्रकाशित करू नयेत, असा सल्ला त्यांनी दिला. सेक्सटनने त्यांना कवितेतूनच उत्तर दिले आणि ते उत्तर १९६०च्या आपल्या पहिल्या संग्रहात घातले. एव्हाना स्नॉडग्रासच्या सांगण्यावरून ती बॉस्टन विद्यापीठात लोवेल यांच्या वर्गात जाऊ लागली होती. १९५९च्या वसंतात त्या वर्गात कवयित्री सिल्व्हिया प्लाथही येऊन बसत असे. वर्ग सुटल्यावर दोघी कवी मित्र जॉर्ज स्टारबक याच्याबरोबर रिट्झ हॉटेलच्या बारमध्ये जात आणि आत्महत्येच्या आपापल्या प्रयत्नांविषयी मोकळेपणाने बोलत. वर्गात मात्र चर्चा कवितेची होई: कुठला शब्द जड झाला, कुठली ओळ उगाच आली. दुःखाला सहानुभूती मिळण्याची जागा वेगळी आणि ओळ तपासण्याची वेगळी, ही विभागणी त्या दोघींच्या लेखनाला पोषक ठरली. आयुष्याला ती पुरली नाही. प्लाथने १९६३मध्ये आणि सेक्सटनने १९७४मध्ये जीवन संपवले. या दुर्दैवाचा दोष कवितेवर किंवा वर्गावर टाकणे चूक आहे. आजार दोघींनाही त्याआधीपासून होता.

स्वतःविषयी लिहिताना दुसऱ्याचे आयुष्यही पानावर येते, हा प्रश्न सर्वांत कडवट रूपात पुढे आला तो लोवेल यांच्याच बाबतीत. विभक्त झालेल्या पत्नी एलिझाबेथ हार्डविक यांच्या खासगी पत्रांतला मजकूर त्यांनी फेरफार करून ‘द डॉल्फिन’ या संग्रहातल्या कवितांत वापरला. हस्तलिखित वाचून त्यांची जिवलग कवी मैत्रीण एलिझाबेथ बिशप हिने १९७२मध्ये पत्र लिहून कळकळीने विरोध केला. पत्रे वापरण्याची परवानगी नसताना त्यांत बदल करणे तिला विश्वासघात वाटला. लोवेल यांनी काही कविता बदलल्या, क्रम फिरवला आणि १९७३मध्ये पुस्तक काढले. त्यालाही पुलित्झर मिळाले. एड्रिएन रिच या कवयित्रीने मात्र त्यावर जाहीरपणे कठोर टीका केली.