ऑनलाइन दस्त, फेरफार आणि मालकी

महाराष्ट्रात जमीन किंवा घर एका नावावरून दुसऱ्या नावावर जाते तेव्हा त्याची नोंद दोन सरकारी दप्तरांत होते. पहिली नोंद दुय्यम निबंधकाकडे, दस्ताची. दुसरी महसूल खात्याकडे, अधिकार अभिलेखात. शेतजमिनीचा सातबारा किंवा नगर भूमापन झालेल्या भागातली मिळकत पत्रिका, हे तिचे रूप. आता दोन्ही कामे संगणकावर चालतात. त्यामुळे ‘सगळे ऑनलाइन झाले, म्हणजे मालकी पक्की झाली’ असा समज पसरतो. तो चुकीचा आहे. दोन्ही नोंदींमागचे कायदे वेगळे आहेत, आणि मालकीचा प्रश्न या दोन्हींच्या पलीकडे उरतो.

दस्त का नोंदवायचा

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार असतो. त्याने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. मालकी देण्यासाठी खरेदीखतच लागते. मुखत्यारपत्र, मृत्युपत्र आणि साठेखत असे तीन कागद करून ‘विक्री’ उरकण्याची पद्धत देशात बरीच रुळली होती. असे कागद म्हणजे हस्तांतरण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

नोंदणीची कार्यपद्धती नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर करायचा असतो. अटळ कारणाने उशीर झाला, तर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून सवलत मिळू शकते. हा दंड नोंदणी शुल्काच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो. नोंदणी सक्तीची असूनही न केलेला दस्त कलम ४९ नुसार मिळकतीवर परिणाम करत नाही.

कलम ४७ तर प्रत्येक खरेदीदाराने समजून घ्यावे असे आहे. नोंदलेला दस्त नोंदणीच्या तारखेपासून नव्हे, तर तो करून दिल्याच्या तारखेपासून अमलात येतो. समजा, एका मालकाने ५ जूनला एकाला खरेदीखत सही करून दिले आणि ते २० जूनला नोंदले गेले. मधल्या काळात, १२ जूनला, त्याने तीच जमीन दुसऱ्याला विकली आणि तो दस्त त्याच दिवशी नोंदवला. नोंदणी आधी झाली दुसऱ्याची, पण अग्रक्रम पहिल्याचा. १२ जूनला निबंधकाच्या संगणकावर पाहिले असते, तरी पहिल्या व्यवहाराचा मागमूस दिसला नसता. म्हणूनच व्यवहार ठरल्यावर वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवण्याची रीत आजही टिकून आहे.

इलेक्ट्रॉनिक दस्ताला मान्यता

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला आणि डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता दिली. मात्र स्थावर मिळकतीच्या विक्रीचे करार या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकून त्याच्या कक्षेबाहेर ठेवले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ही नोंद वगळण्यात आली. त्यामुळे असा करार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात करण्यावरचा त्या कायद्यातला अडसर गेला. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीच्या अटी मात्र जशाच्या तशा राहिल्या.

महाराष्ट्रात नोंदणीचे काम आय-सरिता या प्रणालीवर चालते. पक्षकार किंवा त्यांचे वकील दस्ताचा तपशील आधी घरबसल्या भरतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क ‘ग्रास’ या शासकीय प्रणालीतून ई-चलनाने भरता येते. शुल्काची आकारणी दस्तातला मोबदला आणि वार्षिक दर तक्त्यानुसार येणारे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम जास्त, तिच्यावर होते. नोंदणी करताना चलन प्रणालीत ‘डिफेस’ केले जाते, म्हणजे तेच चलन दुसऱ्या दस्ताला वापरता येत नाही.

त्यानंतर पक्षकार दुय्यम निबंधकासमोर हजर होतात. २००१ मध्ये आलेल्या कलम ३२-अ मुळे छायाचित्र आणि बोटांचे ठसे आवश्यक झाले. ते आता संगणकावरच घेतले जातात. दस्त आपणच करून दिला, अशी कबुली लिहून देणाऱ्याने द्यायची आणि ओळख पटवणाऱ्यांनी त्याला दुजोरा द्यायचा. मग दस्ताला क्रमांक पडतो, पाने स्कॅन होतात आणि मूळ दस्त परत मिळतो.

काही दस्तांना कार्यालयाची पायरीही चढावी लागत नाही. लिव्ह अँड लायसन्स करार हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. घरमालक आणि भाडेकरू आधारशी पडताळलेला ठसा देऊन व वेबकॅमवर छायाचित्र काढून आपापल्या ठिकाणाहून तो पूर्ण करू शकतात. बिल्डरकडून होणाऱ्या नव्या सदनिकांच्या पहिल्या विक्रीसाठीही ई-नोंदणीची सोय आहे. जुन्या घराच्या किंवा शेतजमिनीच्या खरेदीखतासाठी मात्र सामान्यतः कार्यालयात जावेच लागते.

सूची क्रमांक दोन

नोंदणीनंतर तयार होणारा सर्वांत उपयोगी कागद म्हणजे सूची क्रमांक दोन, बोलीभाषेतले ‘इंडेक्स टू’. एकाच पानावर विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन किंवा घर क्रमांक, क्षेत्रफळ, दस्त करून देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, दस्त करून दिल्याचा दिनांक, नोंदणीचा दिनांक, दस्त क्रमांक आणि भरलेले शुल्क इतका तपशील असतो. दोन्ही दिनांक वेगवेगळे छापलेले असतात, हे कलम ४७ च्या दृष्टीने मोलाचे. ही सूची कोणालाही पाहता येते आणि ई-सर्च सेवेतून शोधताही येते.

इथे निबंधकाच्या अधिकाराची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. दस्त योग्य वेळेत आला का, शुल्क भरले का, समोरची माणसे तीच आहेत का आणि त्यांनी दस्त मान्य केला का, एवढे तो तपासतो. विकणारा खरा मालक आहे की नाही, याचा निवाडा तो करत नाही. विक्रेत्याच्या मालकीचा पुरावा नाही म्हणून नोंदणी नाकारण्याची मुभा देणारा तमिळनाडूचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये याच तत्त्वावर रद्द ठरवला. म्हणजेच दस्त क्रमांक पडला, याचा अर्थ व्यवहार झाल्याची नोंद झाली. विक्रेत्याकडे देण्यासारखा हक्क होता, याची हमी मिळाली नाही.

फेरफाराचा प्रवास

दुसरी नोंद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे होते. शेतजमिनीचे खरेदीखत नोंदले गेले की कलम १५४ नुसार त्याची माहिती महसूल यंत्रणेला द्यावी लागते. ई-फेरफार प्रणालीमुळे ती संगणकावरूनच पोहोचते. तलाठी, म्हणजे आताच्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरतो. मग संबंधितांना गाव नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. हरकत आली तर प्रकरण तक्रारी केसेसच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावरचे नाव बदलते. वारसनोंद किंवा कर्जाचा बोजा चढवणे-उतरवणे यांसारख्या, नोंदणीकृत दस्त नसलेल्या फेरफारांसाठी ई-हक्क प्रणालीवर अर्ज करता येतो.

डिजिटल सहीचा सातबारा शुल्क भरून उतरवून घेता येतो. त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने तो खरा आहे का, हे तपासता येते. पण त्याचे कायदेशीर वजन छापील सातबाऱ्याइतकेच आहे. संहितेच्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. हे गृहीतक आहे, अंतिम शिक्कामोर्तब नव्हे. फेरफार महसूल वसुलीसाठी असतो, त्याने मालकी मिळत नाही किंवा जातही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो.

दुसरी पद्धत

जगात याहून वेगळी पद्धतही आहे. रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात असा कायदा झाला की, सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक. तिथे नोंद हाच हक्काचा उगम. चुकीमुळे किंवा लबाडीमुळे नुकसान झाल्यास भरपाईची तजवीज असते. म्हणून तिथे नोंदणीआधीची तपासणी कडक असते. न्यू साउथ वेल्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये कागदी मालकी प्रमाणपत्रे बंद करून हस्तांतरण पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक केले. भारतात नोंदणी दस्ताची होते, हक्काची नाही. केंद्र सरकारने २०२५ मध्ये नव्या नोंदणी कायद्याचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. ऑनलाइन सादरीकरण आणि इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्रे यांवर त्याचा भर आहे.

खरेदीदाराने काय पाहावे

हक्काची सरकारी हमी नसल्याने पडताळणीचा भार खरेदीदारावर येतो. तीस वर्षांचा शोध घेण्याचा वकिलांचा प्रघात आहे. त्यात सूचीतले दस्त आणि जुने फेरफार एकमेकांशी जुळतात का, हे पाहिले जाते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरण करता येत नाही. ‘इतर हक्क’ या सदरात कूळ, बोजा किंवा न्यायालयाचा मनाई आदेश दिसू शकतो. हक्काचे कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना तीस दिवसांत नोंदवण्याचे बंधन महाराष्ट्रात आहे. ती सूचनाही शोधून पाहावी. प्रत्यक्ष ताबा कोणाकडे आहे, हे जागेवर जाऊन विचारावे. खरेदीनंतर इंडेक्स टू घेऊन न थांबता फेरफार प्रमाणित होईपर्यंत पाठपुरावा करावा. संगणकामुळे नोंदी वेगाने होतात, सहज सापडतात आणि त्यांत खाडाखोड करणे अवघड झाले आहे. हा फायदा मोठा आहे. पण तो पदरात पडतो, त्या नोंदी वाचून पाहणाऱ्याच्याच.